पाहणाऱ्याची नोंद



इंटरनेटवरच्या पाळतीबद्दल आपल्याकडे गेली काही वर्षं बरंच बोललं जातं. ते बोलणं बहुतेक एकाच प्रश्नापाशी घुटमळतं: आपली माहिती कोण गोळा करतं? मला आज त्याच्या पुढच्या पायरीबद्दल बोलायचं आहे. गोळा केलेली माहिती नुसती पडून असते. मग एक दिवस कुणीतरी संगणकापुढे बसतो आणि तिला एक प्रश्न विचारतो. संगणकवाले त्याला क्वेरी म्हणतात. ही क्वेरी कुणी केली? कधी केली? कुणाच्या हुकमानं, कशासाठी केली? त्याची नोंद राहते का? राहिली, तर ती वाचतं कोण? आजचं सगळं बोलणं या एवढ्या प्रश्नांपुरतं आहे.

आधी माहिती कसली, ते सांगतो. मी ‘ट्रॅफिक डेटा’ म्हणतो आहे. तुम्ही मोबाइलवर एखादी साइट उघडता तेव्हा पानावरचा मजकूर हल्ली बहुधा कुलूपबंद असतो. मधल्या कंपनीला तो वाचता येत नाही. पण तुम्ही कुठल्या साइटकडे गेलात, किती वाजता गेलात, किती वेळ होतात, किती माहिती ये-जा झाली आणि तुमचा फोन कुठे होता, हे सहसा दिसतं. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात 69 ब हे कलम आहे. त्यातली ट्रॅफिक डेटाची व्याख्या अशीच आहे: संदेश कुठून निघाला, कुठे गेला, कोणत्या वाटेनं, केव्हा, केवढा, किती काळ. मजकूर त्यात नाही.

मग मजकूर नसेल तर बिघडलं काय? समजा, रात्री साडेअकराला एक फोन कॅन्सर रुग्णालयाच्या साइटवर जातो. बारा वाजता विमा कंपनीच्या. सव्वाबाराला मृत्युपत्र करून देणाऱ्या वकिलाच्या. साडेबाराला व्हॉट्सॲपवरून परदेशात एक लांबलचक कॉल होतो. यातलं एक अक्षरही मी वाचलेलं नाही. तरी त्या घरात काय चाललंय ते कळायला काही उरलं का?

यावर एक जुनं उत्तर आहे: नावं काढून टाका, म्हणजे झालं. 2006 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एओएल या कंपनीनं नेमकं हेच केलं. संशोधकांच्या सोयीसाठी साडेसहा लाख ग्राहकांचे तीन महिन्यांतले सुमारे दोन कोटी शोध जाहीर केले. नावं काढली, प्रत्येकाला एक आकडा दिला. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी त्यातल्या एका आकड्याचे शोध वाचले. गावाचं नाव, एका आडनावाची माणसं, साठीतल्या एकट्या माणसाच्या चिंता, कुत्र्याच्या सवयी. तेवढ्यावरून ते जॉर्जिया राज्यातल्या 62 वर्षांच्या एका विधवा बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. एओएलनं ती यादी लगेच मागे घेतली. तोवर तिच्या प्रती जगभर गेल्या होत्या, त्या आजही सापडतात.

यातून मी काढलेला निष्कर्ष असा. ही माहिती एकदाच धुऊन कायमची निर्धोक करता येत नाही. आणि मुळात ती गोळाच करू नका, असं म्हटलं तर इंटरनेट चालणार नाही. नेटवर्क सांभाळणाऱ्याला गर्दी कुठे होते, हल्ला कुठून येतो, हे पाहावंच लागतं. तेव्हा पहारा बसवायचा तो प्रश्न विचारण्यावर. सत्ता वापरली जाते ती त्या क्षणी. पूर्वी पोलिसांनी घराची झडती घेतली की शेजारी पाहायचे, पंच असायचे, पंचनामा व्हायचा. क्वेरीचा आवाज होत नाही. माहिती जागची हलत नाही, कमीही होत नाही. ज्याची पाहिली त्याला जन्मात कळत नाही. नोंद राहिली नाही, तर ते घडलं की नाही हेही सांगता येणार नाही.

आता कुणी म्हणेल, अहो, नोंदी तर असतातच. सगळ्या यंत्रणांमध्ये लॉग असतात. खरं आहे. एडवर्ड स्नोडेननं 2013 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची, एनएसएची, कागदपत्रं बाहेर काढली. त्यात एक्सकीस्कोर नावाची यंत्रणा होती. विश्लेषकानं समोरचा फॉर्म भरायचा: कुणाचा ईमेल, कुठल्या तारखा, आणि एका रकान्यात कारण. की त्या माणसाची इंटरनेटवरची वर्दळ समोर. संस्थेचं म्हणणं होतं की काळजी नको, प्रत्येक शोधाची नोंद होते.

होत होती ना. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एनएसएच्या महानिरीक्षकानं सिनेटर ग्रासली यांना एक पत्र लिहिलं. 2003 पासून जाणूनबुजून केलेल्या गैरवापराची सिद्ध झालेली 12 प्रकरणं त्यात दिली होती. बरीचशी प्रेमप्रकरणांची, म्हणून तिथल्या लोकांनी त्यांना एक चेष्टेचं नावही दिलं होतं: लव्हइंट. त्यातली दोन प्रकरणं शेजारी ठेवून पाहा. 2005 मध्ये एका लष्करी कर्मचाऱ्याला यंत्रणेचा पासवर्ड मिळाला आणि पहिल्याच दिवशी त्यानं आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीचे सहा ईमेल पत्ते टाकून शोध घेतला. चार दिवसांत तो सापडला. म्हणाला, सराव करत होतो. दुसरा गडी 1998 पासून 2003 पर्यंत नऊ बायकांचे फोन नंबर टाकून ऐकत होता. तो पाच वर्षं सापडला नाही. सापडला तोही लॉगमुळे नाही. त्यांतल्या एकीला संशय आला आणि तिनं तो बोलून दाखवला म्हणून.

संस्था तीच. मग चार दिवस आणि पाच वर्षं एवढा फरक का पडला? पहिल्याच्या बाबतीत त्या ठिकाणी कुणीतरी नोंदी काढून वाचत बसलं होतं. दुसऱ्याच्या बाबतीत ते काम त्या बाईच्या संशयानं केलं. न वाचलेला लॉग असणं म्हणजे लॉग नसणंच. किंबहुना वाईट, कारण चौकशी समितीपुढे ‘आमच्याकडे सगळं नोंदलेलं असतं’ असं म्हणायची सोय होते.

खाजगी कंपन्या यात मागे नाहीत. उबरच्या कर्मचाऱ्यांना कुठला प्रवासी कुठे चाललाय हे पाहता येत होतं, ‘गॉड व्ह्यू’ म्हणून. 2014 मध्ये बोभाटा झाला. कंपनीनं जाहीर केलं की कर्मचारी काय पाहतात यावर आमची सतत नजर असते. डिसेंबरात तशी स्वयंचलित व्यवस्था बसवलीही. वर्ष व्हायच्या आत ती बंद केली. हे आपल्याला कसं कळलं? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 2017 मध्ये कारवाई करून कागदावर आणलं म्हणून. बाहेरचा कुणीतरी आत आला, तेव्हा.

बाहेरच्याकडे मी येणार आहे. त्याआधी त्या ‘कारण’ नावाच्या रकान्यापाशी जरा थांबू, कारण माझ्या मते सगळी गंमत तिथे आहे. (आमच्या संगणक क्षेत्रात फॉर्मची रचना हे कनिष्ठांचं काम समजतात. नव्यानं लागलेल्या मुलाकडे देतात. मला ते कधीच पटलेलं नाही.)

अमेरिकेत परदेशी लोकांच्या संपर्काची माहिती परदेशी हेरगिरीविषयक कायद्याच्या कलम 702 खाली गोळा होते. त्यात अमेरिकन नागरिकही येतात, कारण ते परदेशी माणसांशी बोलतात. एफबीआयला त्या साठ्यात नागरिकांची नावं टाकून शोधता येतं. 2021 या वर्षात असे किती शोध झाले? सरकारनंच 2022 मध्ये जाहीर केलेला आकडा: चौतीस लाखांपर्यंत. त्यांतले निम्म्याहून अधिक एका सायबर हल्ल्याच्या तपासातले होते, हे मान्य. पण पुढे न्यायालयाचा निकाल उघड झाला, त्यात काय काय निघालं! निदर्शनांत पकडलेल्या लोकांची नावं टाकून शोध घेतलेले. काँग्रेसच्या एका उमेदवाराला देणगी देणाऱ्या 19 हजार लोकांची यादीच्या यादी टाकलेली.

हे सगळे अधिकारी दुष्ट होते का? मला तसं वाटत नाही. यंत्रणेची रचना अशी होती की कुठलाही साधा शोध घेतला, की हा संवेदनशील साठा आपोआप त्यात धरला जायचा. नको असेल तर वगळायचा. अनेकांना आपण तिथे शोधतो आहोत याचा पत्ताही नसायचा. 2021 च्या मध्यावर रचना उलटी केली. आता हा साठा हवा असेल तर मुद्दाम निवडावा लागतो. नागरिकाच्या माहितीचा मजकूर उघडायचा तर कारण स्वतःच्या शब्दांत लिहावं लागतं. शंभर किंवा अधिक नावं एकदम टाकायची तर वकिलाची संमती हवी, असंही तेव्हा ठरलं. 2023 या वर्षाच्या अहवालात आकडा 57 हजारांवर आला. मोजण्याची पद्धत मध्ये बदलली, तेव्हा दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करू नका. तरीही मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे: खूण करायचा एक चौकोन बदलल्यानं लाखो शोध गळून पडले. म्हणजे ते मुळात कुणाला हवेही नव्हते.

आता मुख्य मुद्दा. नोंद ठेवायची कुणाकडे?

ज्यानं प्रश्न विचारला त्याच्याच कपाटात नोंदवही असेल, तर पान फाडायला वेळ लागत नाही. संगणकात तर फाडल्याची कडही दिसत नाही. याला उपाय आहे, आणि तो जुना आहे. राल्फ मर्कल यांनी 1979 मध्ये एक रचना सुचवली. प्रत्येक नोंदीचा गणितानं एक छोटा ठसा काढायचा, दोन ठशांचा मिळून तिसरा, असं वर वर जात शेवटी सगळ्या वहीचा एकच ठसा. तळातली एक नोंद बदलली की शेंड्याचा ठसा बदलतो. तो शेंड्याचा ठसा रोज बाहेरच्यांच्या हवाली केला, की मागचं काही गुपचूप बदलता येत नाही. आणि त्या ठशावरून आतली नोंद मात्र वाचता येत नाही.

हे प्रयोगशाळेतच राहिलेलं नाही. 2011 मध्ये, साइट खरी असल्याची प्रमाणपत्रं देणाऱ्या डिजिनोटार या डच कंपनीत कुणीतरी घुसलं आणि गूगलच्या नावाचं खोटं प्रमाणपत्र बनवलं. इराणमधल्या लोकांचे ईमेल वाचायला ते वापरलं गेलं. कंपनी त्याच सप्टेंबरात दिवाळखोरीत गेली. त्यानंतर गूगलच्या अभियंत्यांनी ‘सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी’ उभी केली: प्रमाणपत्र दिलं की त्याची नोंद अशा जाहीर वहीत करायची, जिच्यात फक्त भर घालता येते, खोडता येत नाही. 2018 पासून क्रोम ब्राउझर नव्या प्रमाणपत्राची अशी नोंद नसेल तर साइटबद्दल इशाराच देतो. कुणी कुणावर विश्वास ठेवा असं ही व्यवस्था म्हणतच नाही.

तुमच्यापैकी ज्यांची शेती आहे त्यांना यात नवल वाटायला नको. सातबाऱ्यावर नाव चढवायचं तर तलाठी आधी फेरफार नोंदवहीत नोंद घालतो, तिची प्रत चावडीवर लागते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. चावडीवरचा कागद कुणी वाचत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण जमिनीवर ज्याचा हक्क, त्याला कळवल्याशिवाय तिच्या कागदाला हात लावायचा नाही, हे तत्त्व आपण गुंठ्याला लावलं. स्वतःच्या आयुष्याच्या नोंदींना का लावलं नाही?

एस्टोनियानं लावलं. तेरा-चौदा लाख वस्तीचा तो देश. तिथला नागरिक आपल्या ओळखपत्रानं सरकारी पोर्टलवर जातो आणि कुठल्या खात्यानं कधी आपली माहिती उघडली, याची यादी पाहतो. पटलं नाही तर जाब विचारतो. कामाशिवाय रुग्णांची किंवा ओळखीच्यांची माहिती चाळणाऱ्यांना तिथे शिक्षा झाल्या आहेत. सगळी खाती अजून त्यात नाहीत. पण तिथे नोंद वाचण्याचं काम ज्याला सगळ्यात जास्त पडलेली आहे, त्या माणसाकडेच दिलं आहे. त्याच्याइतक्या बारकाईनं कुठला लेखापरीक्षक वाचणार?

इथे एक अडचण येते, आणि ती मी लपवणार नाही. क्वेरीचा लॉग हीसुद्धा संवेदनशील माहितीच असते. अमुक अधिकाऱ्यानं अमुक नंबर शोधला, हे आज जाहीर केलं तर आरोपी उद्या पळेल. लाचलुचपतीच्या तपासात तर तक्रार करणाऱ्याचा जीव जाईल. शिवाय शोधाचे शब्दच गळतात: एखाद्या बाईचं नाव आणि एचआयव्ही हा शब्द लॉगमध्ये शेजारी आले, तर लॉग पाहणाऱ्यानं तिची माहिती पाहिल्यासारखीच झाली. म्हणून सगळं सगळ्यांना दाखवा, असं मी म्हणत नाही. एकूण आकडे सर्वांना, ताबडतोब. तपशील स्वतंत्र लेखापरीक्षकाला. आणि संबंधित माणसाला, तपास संपल्यावर, उशिरा का होईना पण नक्की.

एकूण आकड्यांतही धोका असतो, बरं का. विकिपीडिया चालवणारं विकिमीडिया फाउंडेशन कच्च्या वर्दळ-नोंदी साधारण 90 दिवसांच्या पलीकडे ठेवत नाही. पण कुठलं पान किती वेळा वाचलं गेलं, हे जाहीर करतं. ते देशवार जाहीर करायचं म्हटल्यावर पेच पडला. मराठी विकिपीडियावरचं एखाद्या आजाराचं पान, आणि देश असा की जिथे मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आकडा दोन आला तर ते दोघे कोण, हे तिथल्या गणेशोत्सवात सगळ्यांना कळेल. 2023 मध्ये त्यांनी देशवार आकडे दिले ते मोजून-मापून थोडी गणिती चूक मिसळून, आणि फार लहान आकडे गाळून. मोठं चित्र खरं राहतं, एकटा माणूस झाकला जातो. इच्छा असेल तर करता येतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

आता घरी येऊ.

1996 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर टेलिफोन टॅपिंगचा निकाल दिला. हुकूम गृहसचिवानंच काढावा, नोंदी ठेवाव्यात, समितीनं तपासावं, असं सांगितलं. न्यायाधीशाची पूर्वसंमती मात्र सक्तीची केली नाही. पुढे नियम झाले, इंटरनेटसाठी 2009 मध्ये झाले. आढावा समितीनं दोन महिन्यांतून एकदा तरी बसायचं. आता हिशेब पाहा. माहिती अधिकाराच्या एका उत्तरातून बाहेर आलं होतं की केंद्र सरकार एकट्या टेलिफोनसाठी महिन्याला साडेसात ते नऊ हजार हुकूम काढतं. डेटा संरक्षणासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीनं 2018 च्या अहवालात लिहिलं की या हिशेबानं आढावा समितीपुढे दर बैठकीला पंधरा ते अठरा हजार हुकूम येतात. एका बैठकीत! सही करायलाही हात पुरणार नाही, वाचणं दूरच.

आणि त्याच 2009 च्या नियमांत एक कलम आहे. संदेश रोखण्याच्या, पाहण्याच्या हुकमांशी संबंधित सगळ्या नोंदी सुरक्षा यंत्रणेनं दर सहा महिन्यांनी नष्ट करायच्या. कामासाठी लागत असतील तर अपवाद, पण तो अपवादही यंत्रणेनंच ठरवायचा. ट्रॅफिक डेटाच्या वेगळ्या नियमांत मुदत नऊ महिने आहे, शेवट तोच. 2024 मध्ये दूरसंचारासाठी नवे नियम आले, सहा महिन्यांचं कलम त्यातही राहिलं.

हे एका बाजूला ठेवा. दुसऱ्या बाजूला सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा 28 एप्रिल 2022 चा आदेश. देशातल्या सगळ्या सेवादात्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग 180 दिवस जपून ठेवायचे, सरकारनं मागितले की द्यायचे. व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची. त्यावरून काहींनी भारतातले सर्व्हरच हलवले. पुढे 2025 च्या डेटा संरक्षण नियमांत ट्रॅफिक डेटा आणि लॉग किमान वर्षभर ठेवायची तरतूद आली.

180 दिवस म्हणजे किती? सहा महिने. तुम्ही-आम्ही काय पाहिलं, ते किमान सहा महिने जपा. सरकारनं आमचं काय पाहिलं, ते सहा महिन्यांनी जाळा. दोन्ही नियम एकाच सरकारचे.

नोंदी जाळण्याच्या नियमाला गोपनीयतेचं कारण देतात: नोंदी ठेवल्या तर माणसाची खाजगी माहिती साठते. रोखलेला मजकूर नष्ट करा, हे मला मान्यच आहे. पण हुकूम कुणी काढला, कुणाविरुद्ध, कुठल्या कारणानं, हा मजकूर खाजगी कुणाचा? अधिकाऱ्याचा? मजकूर आणि हुकूम यांना एकाच काडीनं पेटवून दिलं की सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालानं मान्य केलेला खाजगीपणाचा मूलभूत हक्क घेऊन न्यायालयात जाणाऱ्यानं पुरावा आणायचा कुठून?

आपल्याला हे जमत नाही असंही नाही. आधारचं पाहा. आपला आधार क्रमांक कुठल्या संस्थेनं कधी तपासला, याची सहा महिन्यांची यादी प्रत्येकाला यूआयडीएआयच्या साइटवर पाहता येते. आज घरी गेल्यावर पाहा. अर्ध्या जणांना आश्चर्य वाटेल. 2018 च्या निकालात न्यायालयानं या नोंदी पाच वर्षं ठेवायचा नियम रद्द करून मुदत सहा महिन्यांवर आणली. तिथे ते योग्यच होतं, कारण त्या नोंदी नागरिकाच्या होत्या. मात्र त्या यादीत बँक दिसते, सिमकार्डवाला दिसतो. साठ्याच्या आत बसलेल्या कुणी तुमचं पान उघडलं का, ते त्यात दिसत नाही.

डेटा संरक्षण नियम कंपन्यांना सांगतात की माहिती कोण पाहतं याचे लॉग ठेवा, तपासा, वर्षभर जपा. उत्तम. पण या नियमांच्या मूळ कायद्यातल्या सतराव्या कलमानुसार केंद्राला आपल्या हव्या त्या यंत्रणेला सुरक्षेच्या नावाखाली पूर्ण सूट देता येते. म्हणजे पुण्यातल्या एखाद्या स्टार्टअपनं आपल्या कर्मचाऱ्यावर लक्ष ठेवायचं, आणि ज्याच्या हातात देशाची वर्दळ त्यानं नाही.

महाराष्ट्रानं केंद्राच्या आधी, 2002 मध्ये, माहितीच्या अधिकाराचा कायदा केला होता. पुढे ‘फायलीवरचे शेरे दाखवायचे का’ यावर किती आदळआपट झाली, ते या सभागृहातल्या काहींना आठवत असेल. तेव्हाही म्हणत, कारभार चालणार नाही. या राज्यात संदेश रोखण्याचे हुकूम राज्याच्या गृह विभागातून निघतात, आणि आढावा समिती मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली बसते. तेव्हा माहितीच्या अधिकाराचा पहिला अर्ज दिल्लीला करायची गरज नाही. त्यात एकही नाव मागू नका. गेल्या वर्षी एकूण हुकूम किती, त्यांपैकी समितीनं रद्द केले किती, आणि समिती बसली किती वेळा, एवढे तीन आकडे मागा. नकार आला तर अपील करा, तेही फेटाळलं तर आपल्या आमदाराला तोच प्रश्न अधिवेशनात तारांकित म्हणून टाकायला सांगा. अर्जाचा नमुना मी बरोबर आणला आहे, बाहेर टेबलावर ठेवला आहे.